तार काढली आहे

संपादकांचं पत्र आलं, ‘आकाशातले अनुभव लिहा.’ खरं सांगायचं तर आकाशात मला फारसे अनुभव आलेच नाहीत. तिथं कुणी नसतं, त्यामुळं फसवणारंही कुणी नसतं. माझं जे काही बरंवाईट झालं, ते जमिनीपासून पहिल्या पन्नास-साठ फुटांत.

मी मूळचा हदगावचा. आधी फौजेत हेलिकॉप्टर चालवलं, मग एका खासगी कंपनीत लागलो आणि निवृत्त होईपर्यंत मंत्री-संत्र्यांना घेऊन गावोगाव हिंडलो. स्वभावानं संशयी. कंपनीतले लोक मला माघारी ‘फौजदार’ म्हणत, हे मला ठाऊक होतं, कारण ते माघारी काय म्हणतात याचाही मी तपास ठेवायचो. हा गुण वडिलांकडून आला. ते शाळेत शिपाई होते. त्यांच्या पिढीनं धम्म घेतला आणि मान वर केली, पण डोळे उघडे ठेवायचं सोडलं नाही. ते सांगायचे, “कुणी ‘या, बसा’ म्हणलं तर बसायच्या आधी आपली सतरंजी कुठं घातली ते बघायचं.” मी जन्मभर सतरंजीच बघत आलो. गावात उतरलो की सरपंच हार घालताना हळूच विचारायचा, “पायलट साहेब, आडनाव काय म्हणलात?” मी म्हणायचो, “कॅप्टन.”

आता धंद्याबद्दल थोडं सांगतो. लोकांना वाटतं, हेलिकॉप्टर म्हणजे उभं वर जाणारं यंत्र, त्याला जागा किती लागणार! अंगणात उतरवा, अंगणातून उडवा. उतरणं त्या मानानं सोपं असतं. चारी बाजूंनी झाडं, भिंती, घरं असलेल्या जागेत उतरता येतं आणि मग ध्यानात येतं की आता इथून निघायचंय. निघायच्या मोजून तीन रीती.

पहिली, सरळ वर. विहिरीतून घागर ओढावी तसं यंत्र सगळ्या ताकदीनिशी उभं ओढून घ्यायचं आणि झाडांच्या शेंड्यांवर गेलं की पुढं निघायचं. यात भोवतालचं सगळं दिसत राहतं, काही चुकलं तर आलो तिथंच खाली बसता येतं. मला ही रीत आवडते, कारण यात कुणाच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. मात्र ताकद सगळ्यात जास्त हिलाच लागते. जमिनीलगत असताना पात्यांनी खाली दाबलेल्या वाऱ्याची एक गादी तयार होते, ती यंत्राला उचलून धरते. वीस-पंचवीस फुटांवर गेलात की गादी संपते आणि सगळं ओझं इंजिनावर येतं. तिथं इंजिनानं दगा दिला तर विषय संपला.

दुसरी, तिरकी. मैदानाच्या पार मागच्या कोपऱ्यात जायचं, कुंपणाला शेपटी लागते की काय असं वाटेपर्यंत मागं सरकायचं आणि तिथून जिना चढावा तसं तिरकं वर जायचं. मागं सरकून मिळवलेला प्रत्येक फूट पुढं कामी येतो. हिला ताकद पहिलीपेक्षा थोडीशीच कमी लागते.

तिसरी, धाव घेऊन. वर जायचं नावच काढायचं नाही. जमिनीपासून चार फुटांवर, त्या वाऱ्याच्या गादीवरच नाक खाली करून पुढं सुटायचं. वेग वाढला की एका क्षणी यंत्र अंगभर थरथरतं आणि एकदम हलकं होतं. पात्यांना ताजा वारा मिळालेला असतो. मग वर घ्यायचं. ताकद सगळ्यात कमी लागते, पण लांब जागा लागते आणि पुढं काय आहे हे पक्कं ठाऊक असावं लागतं. एका टप्प्यानंतर थांबता येत नाही. म्हणजे ही रीत दुसऱ्याच्या भरवशावरची, आणि भरवसा तर माझ्याकडं औषधालाही नव्हता. होता होईल तो मी तिसऱ्या रीतीच्या वाटेला जात नसे.

यातली कुठली वापरायची हे ताकदीच्या काट्यावर ठरतं. यंत्र तीन-चार फूट उचलून स्थिर धरायचं आणि काटा कुठं आहे ते बघायचं. उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, इंजिन आणि पाती दोन्ही दमतात. सकाळी सातला पाच माणसं घेऊन हसत उडणारं यंत्र दुपारी एकला तिघांना घेऊन कुरकुरतं. त्या सगळ्या पसाऱ्यात मी एकट्या काट्यावर विश्वास ठेवायचो. त्याला आडनाव नव्हतं.

माणसांवरचा विश्वास उडायला एक ताजं कारणही घडलं होतं. किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या बाजूला, एका पुढाऱ्याच्या माणसांनी बाजेवर एक पेशंट आणला. पोटात कळ, तोंडावर घोंगडी, बायका रडतायत. मी घाबराघुबरा होऊन त्याला नांदेडला आणलं. मैदानात उतरल्यावर पेशंटनं घोंगडी बाजूला केली, खिशातनं गॉगल काढून लावला आणि मला म्हणाला, “लई भारी वाटलं साहेब. इथून रिक्षा कुठं मिळंल?” पुढाऱ्याचा मेहुणा होता तो. कंपनीत महिनाभर माझी टर उडाली. तेव्हाच ठरवलं, यापुढं बाजेवरचा माणूस दिसला तर आधी घोंगडी उचलायची.

या घटनेला दोन महिने झाले असतील-नसतील. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग ओला होता, कुठला कागद कुठल्या कचेरीत आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्यात दुष्काळ. नव्या जिल्ह्यात मंत्र्यांचे पाहणी दौरे सुरू झाले. निलंग्याच्या बाजूच्या एका गावात मी एका मंत्र्यांना घेऊन गेलो. शाळेच्या मैदानात हेलिपॅड केलं होतं. ते तयार करणारे बिराजदार ओव्हरसियर, बांधकाम खात्याचे. चाळिशीचे, ठेंगणे, खिशाला दोन पेनं. घरची जमीन, मोठं घराणं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्यांच्याबद्दलच्या माझ्या संशयात याचाही वाटा होता. त्यांनी नमस्कार केला तेव्हा, हा नमस्कार कॅप्टनला की आणखी कुणाला, असं माझ्या मनात येऊन गेलं. त्यांच्या मनात तसलं काही होतं, असं मानायला मला काडीचंही कारण नव्हतं.

त्यांनी मला जागेचा कागद दिला. लांबी, रुंदी, कुठल्या बाजूला किती उंचीची झाडं. पश्चिमेला बाभळीची रांग, रांगेत गाडीवाटेपुरती फट. आणि खाली ओळ, ‘फटीवरून जाणारी विजेची तार काढली आहे.’

“कुणी काढली?” मी विचारलं.

“वायरमननं साहेब. काल.”

“तुम्ही बघितली काढताना?”

“हाव. मी इथंच व्हतो.”

मी कागद खिशात घातला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मैदान स्वतःच्या पावलांनी मोजायला निघालो. त्यांच्या लांबीत आणि माझ्या पावलांत दोन पावलांचा फरक निघाला. मी तो त्यांना मोठ्यानं सांगितला.

मैदान भिजवलेलं होतं. हा आमचाच नियम. कोरड्या मातीत उतरताना असा धुरळा उठतो की पायलटला स्वतःचे हातसुद्धा दिसत नाहीत. म्हणून टँकरनं पाणी मारून ठेवा, असा निरोप मीच आधी पाठवला होता. कुंपणाबाहेर रिकाम्या घागरी घेऊन बायका उभ्या होत्या. एक म्हातारी माझ्याकडं बघत म्हणाली, “आमच्या घशाला न्हाई अन् मातीला पाजून राहिले.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मंत्री त्या दिवशी गावातच कामं बघणार होते, मुक्काम तालुक्याला, आणि हेलिकॉप्टरनं निघायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्याला. म्हणून बॅरलमधून टाकी काठोकाठ भरून घेतली. हे ध्यानात ठेवा. भरलेली टाकी म्हणजे वजन, आणि ती पटकन रिकामी करायची काही सोय आमच्याकडं नव्हती.

दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला उपकेंद्राच्या नर्सबाई धावत आल्या. मागं चौघांनी उचललेली बाज. बाजेवर एक तरुण बाई, कलावती तिचं नाव. शेजारून तिचा नवरा किसन चालत होता, हातात सलाईनची बाटली उंच धरलेली. बाईला आदल्या दिवसापासून उलट्या-जुलाब चालले होते. जवळची शेवटची बाटली लावलेली होती आणि रस्त्यानं लातूरला पोचायला तीन तास.

“साहेब, तीन तास न्हाईत तिच्यापाशी,” नर्सबाई म्हणाल्या.

मंत्री लगेच “घेऊन जा, घेऊन जा” म्हणाले. त्यांनी वाकून बाईच्या कपाळाला हात लावला. मी कोपऱ्यात फोटोवाला उभा आहे का ते बघितलं. होता.

आणि मग मी ते केलं. बाजेपाशी गेलो, घोंगडी उचलली, बाईच्या हाताची कातडी चिमटीत धरून ओढली. ओढली तशीच राहिली, खाली बसली नाही. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. गॉगल वगैरे काही नव्हता. नर्सबाई माझ्याकडं बघत होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “झाली का खात्री? टँकर दोन दिस इथं मैदान भिजवायची रंगीत तालीम करून राहिला. गावानं विहिरीचा तळ प्याला साहेब.”

मी नुसतं “आत घ्या” म्हटलं.

मागच्या सीटवर बाईला आडवं केलं. नर्सबाई बाटली धरून बसल्या. मी इंजिन चालू करून यंत्र तीन फूट उचललं. काटा जवळजवळ लाल रेघेवर. सरळ वर जाण्याची गोष्टच सोडा. खाली बसवलं. माझ्यासोबतच्या मेकॅनिकला उतरवलं. सामानाच्या कप्प्यात बघितलं तर पोतंभर नारळ! दर गावी सत्काराला मिळालेले, कुणीतरी भक्तिभावानं भरून ठेवलेले. ते शाळेच्या ओट्यावर ओतले. परत उचलून बघितलं. काटा बोटभर खाली आला. तिरकं जायलाही एवढं पुरत नव्हतं.

“बाई, तुम्ही उतरलात तर जमेल,” मी ओरडून म्हणालो. “पेशंटला एकटं नेतो.”

“बाटली कोण धरंल? उलटी आली तर मान कोण वळवंल? मी उतरले तर तुम्ही मढं घेऊन जासाल.” त्या हलल्या नाहीत.

उरली तिसरी रीत. वारा पश्चिमेचा आणि सुटायचं नेहमी वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे धाव पश्चिमेकडं, बाभळीच्या फटीतून. लांबी माझ्या पावलांनीसुद्धा पुरत होती. प्रश्न एकट्या तारेचा. पायलट लोक विजेला भीत नाहीत, तारेला भितात. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या आभाळात तार दिसत नाही. दिसते तेव्हा ती काचेच्या हातभर पुढं असते. सकाळी आलो तो पूर्वेकडून, त्यामुळं ती बाजू मी वरून नीट बघितलेली नव्हती. जिच्यावरून निघायचं तिच्यासाठी माझ्याकडं होती ती फक्त बिराजदारांच्या हातची एक ओळ.

मी त्यांना जवळ बोलावलं. अख्खं गाव ऐकत होतं. मी म्हणालो, “ओव्हरसियर, तुमच्या कागदावर माझा काडीचा भरोसा नाही. त्या फटीत जाऊन उभे राहा. तार असेल तर मला यंत्र तुमच्या डोक्यावरच पाडावं लागेल, एवढं लक्षात ठेवा. वाट मोकळी असेल तर रुमाल हलवा.”

त्यांचा चेहरा काळवंडला. तरी ते निघाले. सोबत किसन पळाला. मी यंत्र मागं सरकवत कुंपणापर्यंत नेलं आणि वाट बघत बसलो. दोन मिनिटं गेली, चार गेली. मागं नर्सबाई काहीतरी ओरडत होत्या. फटीत दोघं इकडं-तिकडं पळताना दिसत होते. संशय माझ्या डोक्यात घुमायला लागला होता. एवढा वेळ कशाला? उभंच तर राहायचंय.

शेवटी किसननं डोक्याचा पांढरा रुमाल सोडून हलवला. जोरजोरात. बिराजदार मात्र त्याच्या शेजारी कंबरेत पार वाकलेले होते, हातात कसलीशी काठी, डोकं गुडघ्यांत. रुमाल बाईच्या नवऱ्याचा आणि हमी देणारा भुईला चिकटलेला! मी मनात म्हणालो, बघ, स्वतःच्या अक्षरावर स्वतःचाच विश्वास नाही. पण मागं बघितलं, तर बाईची मान एका बाजूला कलंडली होती.

मी सुटलो. चार फुटांवरून, नाक खाली. मैदान सरलं, कुंपणाच्या मोडक्या भिंतीवरून गेलो, अंगभर थरथर आली आणि यंत्र हलकं झालं. फटीतून वर घेताना बिराजदारांची पाठ माझ्या पायाखालून गेली. त्यांच्या सदऱ्याचा घामानं भिजलेला पट्टा मला दिसला. तार नव्हती. लातूरला वीस मिनिटांत पोचलो. कलावती वाचली.

मोहीम फत्ते झाली की माणूस उदार व्हायला हवा. मी झालो नाही. अहवालात लिहिलं, ‘जागेची माहिती देणारे कर्मचारी स्वतः दिलेल्या माहितीबाबत साशंक व भित्रे आढळले.’ इंग्रजीत लिहिलं, त्यामुळं ते आणखी वजनदार दिसलं. पुढं तीसेक वर्षं हा किस्सा मी जेवणावळीत रंगवून सांगायचो. ओव्हरसियर कसा डोकं गुडघ्यांत घालून बसला, ते उठून, वाकून दाखवायचो. हमखास हशा यायचा.

निवृत्तीनंतर त्याच भागातल्या एका शाळेनं बक्षीस समारंभाला बोलावलं. मी मुलांना धंद्याची माहिती दिली, तिन्ही रीती सांगितल्या आणि सवयीनं वाकून ओव्हरसियरही दाखवला. मुलं खिदळली. कार्यक्रम संपल्यावर एक बाई पुढं आली. केस पिकलेले, अंगणवाडीत मदतनीस. म्हणाली, “मी कलावती. तुमी मला नेलं व्हतं.” मी हात जोडले. तिनंही जोडले. मग म्हणाली, “पर ते भ्याले न्हवते साहेब. माझे मालक सांगायचे. तार दाबून धरली व्हती त्यांनी.”

“तार काढली होती ना?”

“सरकारी काढली व्हती की. आकड्याची कोण काढंल?”

तिनं सगळं सांगितलं. फटीपलीकडं एका शेतकऱ्याची विहीर होती. त्यानं लांबच्या लाइनवर आकडा टाकून चोरून एक तार आणली होती, बाभळीच्या फांद्यांवरून, थेट मोटारीपर्यंत. विहीर आटली होती, तार तशीच होती. कुठल्या कागदावर ती येणार? बिराजदारांनी मान वर केली तेव्हा त्यांना ती दिसली. आकडा काढायला लाइनच्या खांबापर्यंत, अर्धा कोस जावं लागलं असतं. बाभळीला टेकवलेला आकड्याचाच एक जादा बांबू होता. त्याचं टोक त्यांनी तारेत अडकवलं, ती भुईपर्यंत ओढली आणि अंगाचं सगळं ओझं टाकून वाकून राहिले. किसनला म्हणाले, “तू रुमाल हलव.”

दुसऱ्याच दिवशी पत्ता काढून बिराजदारांच्या गावी गेलो. ते ओसरीवर शेंगा निवडत बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे. मला ओळखलं त्यांनी. सुनेला चहा सांगितला आणि बसायला खुर्ची दिली, स्वतःच्या शेजारी.

मी विचारलं, “तारेत करंट होता?”

“काय म्हाईत. बांबू वाळका व्हता.”

“माझ्या अहवालानं तुमचं काही नुकसान झालं?”

“प्रमोशन अडकलं चार-पाच साल. मिळालं मंग.” शेंगा निवडणं थांबलं नव्हतं.

मी त्यांची माफी मागितली. अगदी सरळ, हात जोडून मागितली. ते संकोचले. “असू द्या हो,” म्हणाले. पण माझं समाधान होईना. अहवाल आला तेव्हा खरं काय ते त्यांनी लिहून द्यायचं होतं, असं मला वाटत होतं. त्याच्याही आधी, तार दिसली त्याच क्षणी माझ्याकडं पळत यायला हवं होतं. मी म्हणालो, “नाना, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. “सांगितलं असतं, की तार हाय पर मी दाबून धरतो, तुमी या. तर उडाला असता का?”

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, “नसतो.”

“मंग?” बिराजदार म्हणाले.